ऑस्ट्रेलियातली छोटी लोकॅलिटी कशी वाचायची: आधी पाऊस, मग कुंपण, मग पाणी, घरं सगळ्यात शेवटी

तुम्हाला ऑस्ट्रेलियात रीजनल भागात नोकरी लागलीय, किंवा शहराबाहेर थोडी जमीन घ्यायचा विचार चाललाय, किंवा पोरीला शाळेत आपल्या भागाचा भूगोल नि जमिनीचा वापर असा प्रोजेक्ट आलाय, आणि तुम्ही त्या लोकॅलिटीचं नाव सर्च केलंत, तर काय मिळतं? लोकसंख्या साठ-सत्तर, जवळचं टाऊन तीसेक किलोमीटरवर, गहू आणि मेंढ्या, झालं. एवढ्यावरून काही म्हणजे काही कळत नाही, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण या छोट्या ठिकाणांकडे सांगण्यासारखं खूप असतं, फक्त ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं, ते जमिनीवरच असतं आणि तिथूनच वाचावं लागतं. मी आणि माझा नवरा व्हिक्टोरियाच्या पश्चिमेला विमेरा-मॅलीच्या पट्ट्यात आणि थोडं साऊथ ऑस्ट्रेलियात अशा बऱ्याच ठिकाणी फिरलोय, चुका करत करत एक क्रम बसलाय, तोच इथे सांगते.

क्रम असा की घरं शेवटी बघायची. आपण सवयीने आधी वस्ती शोधतो, दुकान कुठाय, शाळा कुठाय, चौक कुठाय, आणि इथे ते बहुतेक वेळा नसतंच, मग वाटतं की इथे काहीच नाही. पण लोकॅलिटी म्हणजे गावठाण नव्हे, ती म्हणजे अख्खं शिवार. सरकारी गॅझेटमध्ये हद्द आखून दिलेला जमिनीचा तुकडा, त्याला एक नाव, आणि त्यात कधी शेकडो चौरस किलोमीटर शेत असतं नि घरं बोटावर मोजण्याइतकी. त्यामुळे पहिलं काम हे की हद्द नीट बघून घ्या. व्हिक्टोरियात विकप्लॅन आणि मॅपशेअर, न्यू साऊथ वेल्समध्ये सिक्स मॅप्स, क्वीन्सलँडमध्ये क्वीन्सलँड ग्लोब, साऊथ ऑस्ट्रेलियात सॅपा, हे सगळे नकाशे फुकट आहेत आणि लोकॅलिटीची लेयर चालू केली की हद्द दिसते. पोस्टकोडवर जाऊ नका. एकेका पोस्टकोडमध्ये पाच-दहा लोकॅलिट्या असतात, आम्ही एकदा नुसता पोस्टकोड टाकून निघालो आणि जिथे जायचं होतं तिथून चाळीस किलोमीटर भलतीकडेच पोचलो, आणि तिथे फोनला रेंज नव्हती.

हद्द कळली की तिचा एक स्क्रीनशॉट काढून प्रिंट घ्या. हा कागद शेवटपर्यंत लागणार आहे, सगळं त्याच्यावरच लिहायचंय.

आता पाऊस. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण बाकी सगळं यावरच उभं आहे.

ऑस्ट्रेलियात पावसाची एक रेघ आहे जी इतिहासात गाजलेली आहे, गॉयडर्स लाइन. साऊथ ऑस्ट्रेलियात १८६० च्या दशकाच्या मधल्या वर्षांत भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा तिथले सर्व्हेयर जनरल जॉर्ज गॉयडर १८६५ मध्ये घोड्यावर बसून जवळजवळ ३,२०० किलोमीटर फिरले आणि दुष्काळाची झळ कुठपर्यंत बसलीय त्याची रेघ आखून आले. ती त्यांनी आखली कशी, तर मुख्यतः झाडं बघून. दक्षिणेला मॅलीची झुडपं म्हणजे बुंध्यातून अनेक फांद्या फुटलेली बुटकी निलगिरी, उत्तरेला सॉल्टबुश म्हणजे राखाडी पानांचं खारट झुडूप, जिथे एक संपून दुसरं सुरू होतं तिथे रेघ. ती साधारण वर्षाला २५० मिलिमीटर पावसाच्या आसपास जाते. रेघेच्या आत पीक घ्या, पलीकडे फक्त चराई, इतका साधा हिशोब.

पुढे १८७० च्या दशकात ओळीने चांगली वर्षं आली. लोक म्हणायला लागले की नांगर फिरला की मागोमाग पाऊस येतो, आणि १८७४ मध्ये सरकारनेही रेघेच्या पलीकडे जमीन घ्यायला मोकळीक दिली. लोक गेले, दगडी घरं बांधली, गहू पेरला. रेघेच्या खूप उत्तरेला एका गावाचं नाव तर फरिना ठेवलं, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पीठ, म्हणजे इथे इतका गहू होईल अशी खात्री. १८८० च्या दशकात पाऊस गेला आणि लोक घरं सोडून निघून गेले. आज क्वॉर्न, हॉकर, ऑरोरूच्या बाजूला गाडीने गेलात तर माळावर छप्पर उडालेली, चिमणी तेवढी उभी असलेली दगडी घरं दिसतात. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा गाडी थांबवून बराच वेळ नुसती बघत बसले, कारण कुणीतरी तो उंबरठा घासून गुळगुळीत होईपर्यंत वापरला होता.

तर तुमच्या लोकॅलिटीसाठी काय करायचं. ब्युरो ऑफ मेटिऑरॉलॉजीच्या साइटवर क्लायमेट डेटा ऑनलाइन म्हणून भाग आहे, तिथे जवळचं पावसाचं स्टेशन शोधा. ही स्टेशनं बऱ्याचदा कुणाच्या तरी फार्मवरच असतात, घरातलं माणूस रोज सकाळी ९ वाजता पर्जन्यमापक बघून आकडा लिहितं, काही ठिकाणी असं पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. सरासरीवर थांबू नका, सरासरी फसवते. दोन-चार अतिवृष्टीची वर्षं सरासरी वर ओढतात. मीडियन म्हणजे सगळी वर्षं चढत्या क्रमाने लावली की मधोमध येणारा आकडा, तो बघा, डेसाइल १ बघा म्हणजे दहातलं सगळ्यात वाईट वर्ष किती वाईट असतं ते कळतं, आणि महिन्यांचा तक्ता बघा. दक्षिणेकडे पाऊस हिवाळी (इथले ऋतू भारताच्या उलट, हिवाळा जून-जुलैत), एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणून पेरणी एप्रिल-मे-जूनला आणि काढणी नोव्हेंबर-डिसेंबरला. न्यू साऊथ वेल्सच्या उत्तरेला आणि क्वीन्सलँडला पाऊस उन्हाळ्याकडे झुकतो, तिथे काळी चिकण माती ते पाणी धरून ठेवते म्हणून उन्हाळ्यात ज्वारीसुद्धा होते. एकाच देशात शेतीचं कॅलेंडर असं उलटं होतं, त्यामुळे ऑस्ट्रेलियात अमुक पिकतं असं सरसकट वाक्य कुठे वाचलंत तर सोडून द्या.

आणि एक छोटं गणित, जे मला फार आवडतं. फ्रेंच आणि शुल्ट्झ या दोघांनी १९८४ मध्ये साऊथ ऑस्ट्रेलियातल्या गव्हावरून हे मांडलं: एप्रिल ते ऑक्टोबरचा पाऊस घ्या, त्यातून ११० मिलिमीटर वजा करा कारण तेवढं जमिनीतूनच उडून जातं, उरलेल्या प्रत्येक मिलिमीटरला हेक्टरी २० किलो गहू. म्हणजे हंगामात २५० मिलिमीटर पडला तर १४० गुणिले २०, हेक्टरी २,८०० किलो, ही वरची मर्यादा झाली, प्रत्यक्षात बहुतेकदा कमीच येतो. १८० पडला तर १,४०० किलो. म्हणजे पाऊस ७० मिलिमीटरने कमी झाला की पीक निम्मं. हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण इथली शेतं इतकी मोठी का आणि घरं इतकी लांब लांब का, याचं निम्मं उत्तर याच्यात आहे. हेक्टरी एवढंच येणार असेल तर एका कुटुंबाला हजारो हेक्टर लागणारच.

पाऊस झाला, आता कुंपण आणि रस्ते. नकाशावर प्रॉपर्टीच्या हद्दीची लेयर चालू करा आणि चौकोन बघा.

हे चौकोन जमिनीतून आलेले नाहीत, ते सर्व्हेयरच्या साखळीतून आलेत. साखळी म्हणजे ६६ फूट, साधारण २०.१२ मीटर, आणि जुने ग्रामीण रस्ते बऱ्याच ठिकाणी बरोब्बर एक साखळी रुंद आखलेले. जिथे रस्ता तीन साखळ्या किंवा त्याहून रुंद दिसला तिथे समजायचं की इथून कधीकाळी मेंढ्यांचे नि गुरांचे कळप चालत नेले जायचे, न्यू साऊथ वेल्समध्ये तर असे ट्रॅव्हलिंग स्टॉक रूट अजून अधिकृतपणे आहेत. ऐंशी साखळ्या म्हणजे मैल, चौरस मैल म्हणजे ६४० एकर, आणि मॅलीत बऱ्याच ठिकाणी जमीन अशी ६४० एकरांच्या ठोकळ्यांत वाटलेली दिसते, टेकाड असो की खोलगट, रेघ सरळच. साऊथ ऑस्ट्रेलियात अजून वेगळं, तिथे जमिनीचे विभाग ‘हंड्रेड’ नावाने, एक हंड्रेड म्हणजे ढोबळ १०० चौरस मैल. व्हिक्टोरिया नि न्यू साऊथ वेल्समध्ये काउंटी आणि पॅरिश. ही नावं आता रोजच्या बोलण्यात नाहीत पण मालकीच्या कागदावर असतात. मालकीची नोंद टॉरेन्स पद्धतीची, जी १८५८ मध्ये साऊथ ऑस्ट्रेलियातच सुरू झाली, म्हणजे सरकारी रजिस्टरमध्ये ज्याचं नाव तो मालक. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव असलं तरी मागचे कागद शोधत बसावं लागतं, तसं इथे सहसा नाही.

चौकोनांचा आकार बघितला की लोकॅलिटीचं वय आणि नशीब दोन्ही दिसतं. लहान लहान ठोकळे एका रांगेत असतील तर ते कदाचित सोल्जर सेटलमेंटचे, म्हणजे महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना दिलेले तुकडे. पहिल्या महायुद्धानंतरचे कित्येक तुकडे एका कुटुंबाचं पोट भरायला फारच लहान निघाले आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याचं विकत घेत घेत आज चार-पाच ठोकळे मिळून एक फार्म असं झालंय. म्हणून हद्दीच्या लेयरवर दहा तुकडे दिसतात नि प्रत्यक्षात कसणारं कुटुंब एक. जुन्या तुकड्यांवरची घरं मग रिकामी होतात, आणि नकाशावर लांबून बघताना एखाद्या मोकळ्या शेताच्या मधोमध चार झाडांचा पुंजका दिसला तर तिथे हमखास जुनं घर असतं किंवा होतं. त्यात पेपरकॉर्न ट्री म्हणजे लांब लोंबत्या फांद्यांचं ते झाड असेल तर बहुतेक पक्कंच, घरापाशी नि शाळेपाशी सावलीला ते लावायचे.

मातीबद्दल थोडक्यात. विमेरात करडी भारी चिकण माती, वाळली की भेगा पडतात, ओली झाली की गाडी रुतते, डाळवर्गीय पिकं म्हणजे मसूर-हरभरा तिथे चांगली येतात. तिथून उत्तरेला मॅलीत वाळूचे लांब लांब पट्टे, पूर्व-पश्चिम पसरलेले, मध्ये खोलगट भाग, एकाच शेतात वर वाळू नि खाली चिकण. मॅलीच्या झाडाची गाठ जमिनीत इतकी घट्ट असते की साधा नांगर मोडायचा, म्हणून १८७६ मध्ये साऊथ ऑस्ट्रेलियात रिचर्ड बॉयर स्मिथ यांनी स्टंप-जंप नांगर काढला जो गाठ आली की उडी मारून पुढे जातो. ही मोकळी शेतं दिसतात ती त्या नांगराने, रोलरने आणि पुष्कळ आगीने मोकळी झालेली आहेत, ती मुळात माळरानं नव्हती, हे विसरायचं नाही.

आता जमिनीचा प्रत्यक्ष वापर. ऑस्ट्रेलियात यासाठी एक राष्ट्रीय वर्गवारी आहे, आलम म्हणतात, अबेअर्स ही सरकारी संस्था सांभाळते. सहा मुख्य वर्ग: संरक्षित आणि नैसर्गिक जमीन, जवळपास नैसर्गिक जमिनीवरचं उत्पादन म्हणजे रानातली चराई, कोरडवाहू शेती आणि लागवड, बागायती शेती आणि लागवड, दाट वापर म्हणजे घरं-रस्ते-खाणी-कोंबड्यांच्या शेड, आणि सहावा पाणी. शाळेच्या प्रोजेक्टला हेच सहा वर्ग घेऊन कागदावर रंग भरा, टीचरना बरं वाटेल आणि खरंच उपयोगी नकाशा होईल. पण एक लक्षात ठेवा की हा नकाशा काही वर्षांचा जुना असतो, आणि गव्हाचं शेत पुढच्या वर्षी कॅनोला म्हणजे मोहरीसारखं पिवळ्या फुलांचं तेलबियांचं पीक असेल, त्याच्या पुढच्या वर्षी मसूर, किंवा मेंढ्यांना सोडलेलं कुरण. म्हणून सोबत सॅटेलाइट फोटो बघा. सेंटिनेल-२ या युरोपियन उपग्रहांचे फोटो फुकट मिळतात, १० मीटरपर्यंतचं दिसतं आणि काही दिवसांनी नवीन फोटो येतच असतो. ऑगस्ट-सप्टेंबरचा फोटो काढलात तर कॅनोला पिवळाधमक दिसतो, गहू-बार्ली हिरवी. फेब्रुवारीचा काढलात तर सगळं तपकिरी आणि त्यात जे हिरवं आहे ते एकतर सिंचनाचं किंवा झाडांचं. दोन्ही फोटो शेजारी ठेवा, कोरडवाहू काय नि बागायती काय ते लगेच वेगळं होतं, यासाठी कुठला कोर्स करायला लागत नाही.

मेंढ्यांचा हिशोब करायचा तर इथे डीएसई म्हणतात, ड्राय शीप इक्विव्हॅलंट, म्हणजे नुसतं वजन टिकवून राहणाऱ्या एका मेंढीला लागेल तेवढा चारा. दूध पाजणारी मेंढी, गाय, वासरू सगळं या एकाच मापात मोजतात. कुणी सांगितलं की आमच्याकडे अमुक डीएसई चालतात, तर ती मेंढ्यांची संख्या समजू नका, ती जमिनीची ताकद आहे.

पाणी. इथेच आम्ही आपटलो, म्हणून सविस्तर सांगते.

आम्ही विमेरात एक जागा बघायला गेलो सप्टेंबरमध्ये, हिवाळ्याचा पाऊस छान झालेला, कॅनोला फुललेला, आणि जमिनीत एक शेततळं, ज्याला इथे डॅम म्हणतात, त्यात पाणी, काठावर बदकं. दाखवणाऱ्यांनी सांगितलं की डॅम आहे, पाण्याची चिंता नाही, आम्ही पण खूश. नशिबाने लगेच काही केलं नाही आणि फेब्रुवारीत परत गेलो. तळाची माती फुटलेल्या कौलांसारखी, भेगांमध्ये माझा हात मनगटापर्यंत गेला, आणि एका बाजूला तळ्याकडे येणारा एक रुंद चर होता जो पुढे जाऊन मातीने बुजवलेला होता. तेव्हा मला कळेना की चर कशाला होता आणि बुजवला कशाला. शेजारच्या फार्मवरच्या आजींनी चहा देता देता समजावून सांगितलं. पूर्वी हा सगळा भाग उघड्या कालव्यांवर होता, ग्रॅम्पियन्स डोंगरांकडच्या जलाशयांतून पाणी हजारो किलोमीटर मातीच्या चरांतून सोडायचे, वर्षातून एकदा तुमचा डॅम भरून मिळायचा. त्यातलं बरंचसं पाणी वाटेतच मुरायचं नि उडायचं. मग विमेरा-मॅली पाइपलाइन आली, ती २०१० मध्ये पूर्ण झाली, कालवे बंद झाले, आणि पाणी आता पाइपमधून मीटरने टाकीत येतं. म्हणजे तो डॅम पावसावर भरण्यासाठी खोदलेलाच नव्हता! त्याच्याकडे उताराची जमीनच नव्हती. वरून आता शेतात नांगरट कमी करून धसकटं तशीच ठेवतात, ती मातीला चांगलीच, पण त्यामुळे वाहून येणारं पाणीही कमी झालंय. आम्ही विचारायला हवं होतं की पाइपचं कनेक्शन आहे का, मीटर कुठाय, आणि आम्ही बदकं बघत बसलो.

तेव्हापासून डॅम दिसला की मी तीन गोष्टी बघते: वरच्या बाजूला उतार किती जमिनीचा आहे, पाणी आणायला बांध घातलाय का, आणि डिजिटल अर्थ ऑस्ट्रेलियाच्या वॉटर ऑब्झर्वेशन्समध्ये त्या ठिकाणी किती वेळा पाणी दिसलंय. हा नकाशा फुकट आहे, १९८६ पासूनच्या लँडसॅट उपग्रहांच्या फोटोंवरून बनवलाय, पाणी कायम असतं की दहातल्या दोन वर्षी ते रंगातच दिसतं. अगदी लहान डॅम त्यात पकडले जात नाहीत पण तलाव आणि दलदली नीट कळतात. विमेरा नदीचंच बघा, ती समुद्राला मिळतच नाही, उत्तरेला जाऊन हिंडमार्श तलावात संपते, तो भरून वाहिला तरच पुढे अल्बाकुट्या तलावात, आणि हे तलाव वर्षानुवर्षं कोरडे असतात. नकाशावर निळा रंग बघून लेक व्ह्यू समजून बसाल तर फसाल.

पिण्याचं पाणी बहुतेक घरांत छपरावरचं. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. २०० चौरस मीटरचं छप्पर आणि ४०० मिलिमीटर पाऊस धरला तर वर्षाला जास्तीत जास्त ८०,००० लिटर, त्यातून गळती-वाफ वजा करा, मग आपल्या माणसांच्या संख्येने भागा. बोअर असेल तर पाण्याचा क्षार तपासलेला रिपोर्ट मागा, खूप ठिकाणी ते पाणी मेंढ्यांना चालतं पण माणसाला नाही.

क्षारावरून आठवलं, सखल भागात झाडं मेलेली, गवत विरळ नि पांढरट पापुद्रा दिसला तर ती ड्रायलँड सॅलिनिटी. खोल मुळांची झाडं तोडून वरवरच्या मुळांचं पीक घेतलं की पावसाचं पाणी खाली झिरपत राहतं, भूजल वर येतं आणि जमिनीतलं जुनं मीठ सोबत आणतं. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या गहू पट्ट्यात याचं प्रमाण फार मोठं आहे. हे रोप लावायला विसरलो म्हणून झालेलं नुकसान नाही, शंभर वर्षांपूर्वीच्या तोडीचा परिणाम आज वर आलेला असतो.

एवढा घरचा अभ्यास झाला की गाडी काढा. आणि तिथे गेल्यावर सगळी लोकॅलिटी फिरत बसू नका, एक चांगला चौरस्ता निवडून अर्धा तास उभे राहा. आम्ही नोव्हेंबरमध्ये एका चौरस्त्यावर उभे होतो ते सांगते. रस्त्याच्या कडेला बुलोकची झाडं, सुरूसारखी दिसणारी, वाऱ्याने सूंऽऽ करत होती. तासाभराच्या परिसरात मूळची झाडं एवढीच उरलेली, रस्त्याच्या त्या एका साखळीच्या पट्ट्यात, कारण दोन्हीकडची शेतं साफ झाली पण रस्ता सरकारी म्हणून वाचला. लाल शेपटीचे काळे काकाकुवा याच झाडाचं बी खातात, तेव्हा ती किडकी झाडं तोडून टाका असं कुणी म्हणालं तर मला राग येतो. डावीकडे जाळीचं कुंपण, तळाशी बारीक चौकोन, त्यात लोकरीचा पुंजका अडकलेला, म्हणजे इकडे मेंढ्या. उजवीकडे कुंपणाच्या तारा लोळलेल्या, कुणी वर्षानुवर्षं दुरुस्त केलेल्या नाहीत, म्हणजे इकडे फक्त पीक, जनावर येतच नाही. फाटक इतकं रुंद की हेडर म्हणजे कापणी-मळणीचं यंत्र आत जाईल. शेतात धसकटांच्या रांगा पट्टीने आखल्यासारख्या आणि ठरावीक अंतरावर चाकांच्या पक्क्या वाटा, जीपीएसवर ट्रॅक्टर चालतो नि चाक दरवर्षी त्याच रेषेत फिरतं, बाकीची माती दबू नये म्हणून. अन् फाटकाशेजारी छोटी पाटी, १२६०.

ती पाटी वाचायला शिका. ग्रामीण घरनंबर म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर भागिले दहा मीटर, म्हणजे १२६० नंबर १२.६ किलोमीटरवर, विषम नंबर डावीकडे, सम उजवीकडे. अॅम्ब्युलन्सला नि फायरवाल्यांना याच्यावरूनच घर सापडतं. रस्त्यांची नावंही बघा, बरीचशी कुणाची तरी आडनावं असतात, आणि तीच आडनावं जवळच्या हॉलमध्ये युद्धात गेलेल्यांच्या फलकावर आणि दफनभूमीत परत भेटतात. तीनही ठिकाणची यादी केलीत तर लोकॅलिटी कुणी वसवली ते तुमच्या हातात येतं, आणि मग ट्रोव्हवर, राष्ट्रीय ग्रंथालयाच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या संग्रहात, ती नावं टाकून शोधा, शाळा कधी उघडली, रेल्वे कधी आली, टेनिस कोणी जिंकलं सगळं निघतं.

रेल्वे म्हणजे सायलो, धान्य साठवायची उंच कोठारं, आलीच. या भागातल्या कित्येक लोकॅलिट्या मुळात साइडिंग होत्या, घोडागाडीने पोती आणता येतील इतक्या अंतरावर एकेक थांबा, म्हणून नकाशावर रुळांवर मण्यांसारखी नावं ओवलेली दिसतात. गाडीत भरून धान्य लांब नेता यायला लागलं तसे मणी रिकामे झाले. ब्रिम या छोट्या गावात २०१६ मध्ये गिडो व्हॅन हेल्टेन या चित्रकाराने जुन्या सायलोवर गावातल्या माणसांची चित्रं काढली, तिथून विमेरा-मॅलीत सायलो आर्टची वाटच सुरू झाली. जरूर बघा, पण बघताना बाजूचे रूळ आणि बंद पडलेलं दुकान पण बघा.

जमीन मुळात कुणाची, हे कागदावर सगळ्यात वर लिहा. विमेरात वोटजोबालुक आणि इतर आदिवासी समूहांच्या जमिनीवरच्या मूळ हक्काला २००५ मध्ये कोर्टाने मान्यता दिली, व्हिक्टोरियातली ती पहिली. तुमच्या लोकॅलिटीचं किंवा पॅरिशचं नाव बऱ्याचदा त्यांच्याच भाषेतून आलेलं असतं, स्थानिक परंपरागत मालकांच्या संस्थेकडे अर्थ विचारा, इंटरनेटवरच्या ‘गोड पाणी’ टाइप अर्थांवर विश्वास ठेवू नका.

घर बांधायचा विचार असेल तर झोन बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्हिक्टोरियात फार्मिंग झोन असेल तर वेगळं काही दिलेलं नसेल तिथे किमान मर्यादा ४० हेक्टर, त्याहून लहान तुकड्यावर घराला परवानगी मागावी लागते नि ती मिळेलच असं नाही. रूरल लिव्हिंग झोनचे नियम वेगळे. न्यू साऊथ वेल्समध्ये आरयू१ म्हणजे शेती, आरयू५ म्हणजे गावठाण, आर५ म्हणजे मोठ्या प्लॉटची घरं. कौन्सिलला फोन करा, लोक नीट सांगतात. बुशफायरचा म्हणजे वणव्याच्या धोक्याचा ओव्हरले, झोनच्या वरचे जादा नियम, लागू आहे का तेही त्याच फोनमध्ये विचारा.

लोकसंख्या सगळ्यात शेवटी. सेन्ससच्या क्विकस्टॅट्समध्ये लोकॅलिटीचं नाव टाका, २०१६ आणि २०२१ दोन्ही काढा, पण लहान आकड्यांवर जीव टाकू नका, कुणाची ओळख पटू नये म्हणून सेन्सस करणारं ब्युरो ऑफ स्टॅटिस्टिक्स लहान आकडे मुद्दाम थोडे हलवतं. तीनचे चार नि चारचे शून्य होतात. व्यवसायाचा तक्ता आणि वयाचा तक्ता मात्र कामाचे, निम्मे लोक शेतीत आहेत की शहरात जाऊन-येऊन करतात ते तिथे दिसतं.

फिरताना दोन गोष्टी पाळा. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद, जसं होतं तसंच ठेवायचं, आणि न विचारता शेतात पाऊल टाकायचं नाही, बुटाच्या मातीतून तणाचं बी नि रोग दुसऱ्या शेतात जातात, लोकांचं वर्षाचं पीक असतं ते. उन्हाळ्यात टोटल फायर बॅन म्हणजे उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी असेल त्या दिवशी जाऊच नका, सुक्या गवतात गाडी उभी केली तरी खालच्या गरम पाइपने पेट घेऊ शकतो.

आणि सप्टेंबरमध्ये बघितलेली जागा फेब्रुवारीत परत बघा. तोच चौरस्ता, तोच कागद, डॅमच्या काठावर उभं राहून पाणी कुठपर्यंत आहे त्याची रेघ पेन्सिलने मारा, आणि जाताना शेजारच्या फार्मवर थांबून विचारा की तुमच्या पावसाच्या वहीत यंदा एप्रिलपासून किती आकडा झालाय.